विहिरीच्या काठावरचा जावई

जगात हेवा करण्यासारखी माणसं पुष्कळ आहेत. कुणाच्या कलमाला आधी मोहोर येतो, कुणाच्या पोराला मुंबईत स्वतःची खोली मिळते, कुणाचे केस साठी उलटली तरी काळे राहतात. या सगळ्यांचा मी वेळोवेळी आणि मनापासून हेवा केलेला आहे. पण तो हंगामी हेवा. बारा महिने, सणासुदीला आणि आजारपणातसुद्धा ज्याचा हेवा मी निष्ठेनं करत आलो असा माणूस एकच, आमचा धाकटा साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच्यासारखा विक्षिप्त माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो माझ्या सासरी जावई म्हणून आलेला नाही, एवढी तरी देवानं माझ्यावर कृपा केली आहे.

तो डॉक्टर आहे. डॉक्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो येतो, गळ्यात नळी, बाहेर चपलांचा ढीग, तसला नाही. हा सरकारी आरोग्य खात्यातला. याला दवाखाना नाही, पेशंट नाही आणि ते असावेत अशी इच्छाही नाही. तुमच्या पोटात दुखतंय असं तुम्ही त्याला सांगितलंत तर तो तुमच्या पोटाला हात लावत नाही. तो विचारतो, "शेजाऱ्यांचं दुखतंय का?" शेजाऱ्यांचं दुखत नसलं की तुमच्या पोटातला त्याचा रस संपतो. "मग फॅमिली डॉक्टरला दाखवा," म्हणतो आणि पुढचा घावणा उचलतो. पण शेजाऱ्यांचंही दुखतंय असं नुसतं कळू दे, त्याच्या तोंडावर जे तेज येतं ते माझ्या तोंडावर माझ्या लग्नातसुद्धा आलं नव्हतं. फोटो आहेत, बघू शकता.

आता मी. मी रत्नागिरीत हायस्कुलात मराठी आणि भूगोल शिकवतो. व्यसन नाही, उधारी नाही, सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवलेला नाही. सासर हेदवीच्या अलीकडे, आतल्या बाजूच्या एका वाडीत. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. भातशेती, थोडी काजूची झाडं, दारात विहीर. अप्पांना मुलगा नाही, दोन मुलीच, त्यामुळे जावयांना त्या घरात भारी भाव असायला हवा होता. आहेही. फक्त तो सगळा एकाच जावयाच्या वाट्याला गेला आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी हजर. गणपतीवर रानफळं टांगायची मंडपी मी बांधणार, रानातून कवंडळं नि तेरडा मी आणणार, पाटाची रांगोळी बायकोनं काढलेली पुसली तर शिव्या मी खाणार. आणि हा? चाकरमानी गावात उतरतात त्या दिवसांत हा कुठल्यातरी नाक्यावर नाहीतर एस.टी. स्टँडवर आपली माणसं घेऊन तापाची चौकशी करत उभा. वर्षानुवर्षं सासरच्या गणपतीला आला नाही. तरी पंगतीत पहिला मोदक पानात पडला की सासूबाईंचं ठरलेलं वाक्य, "डॉक्टरांना आवडतात हो असे." मी ते मोदक दरवर्षी खात आलोय. मला आवडतात की नाही हे अजून कुणी विचारलेलं नाही.

त्याच्या एकेक खोडी सांगायच्या तर गणपतीचे सगळे दिवस पुरायचे नाहीत. कुणाच्याही घरी गेला की तो आधी फ्रीज उघडतो. देवाला नमस्कार नंतर. फ्रीज उघडून आत हात घालून नुसता उभा राहतो, कारण लशी थंड ठेवण्यात त्याची उमर गेली आणि कुठलाही फ्रीज नीट थंड करतो की नाही हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या आईला वाटलं, पोर भुकेजलंय. तिनं माझ्यासाठी ठेवलेलं श्रीखंड त्याला दिलं. त्यानं ते खाल्लं आणि म्हणाला, "फ्रीज बदला सर, याचं दार नीट लागत नाही." फ्रीज मी नुकताच हप्त्यानं घेतला होता.

दुसरी खोड बाटलीची. खिशात औषधाची एक इवलीशी बाटली आणि काचेची नळी असते. लग्नात, बारशात, तेराव्याला, कुठंही पाण्याचा पेला समोर आला की हा थोडं पाणी नळीत ओतून त्यात दोन थेंब टाकतो आणि उजेडाकडे धरून बघतो. पाणी पिवळं झालं तर त्यात जंतू मारायची पावडर पडलेली आहे, मग खुशाल पितो. नाही झालं तर पेला हळूच मागे सारतो. आमच्या वास्तुशांतीला त्यानं हे भर मांडवात केलं. पाणी पिवळं झालं नाही. माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका घराच्या वास्तुशांतीला लोकांनी घराकडे पाहिलंच नाही, सगळे त्याच्या भोवती नळी बघायला. एक म्हातारी तर मला म्हणाली, "जाऊ दे हो सर, पुढच्या घराला बघा."

मला तो अधूनमधून शाळेत फोन करायचा. "सर, आज वर्गात कोण कोण नाही?" पहिल्यांदा मला फार बरं वाटलं. म्हटलं, सासरच्या माणसांत एकाला तरी शिक्षणाची कळकळ आहे. मी उत्साहानं मराठीच्या निकालाबद्दल सांगू लागलो तर म्हणाला, "ते असू दे. जी नाहीत ती एकाच आळीतली आहेत का?" औषधाच्या दुकानात जाऊन तो औषध घेत नाही, कुठल्या गोळ्या जास्त खपल्या ते विचारतो. बुरोंडीला मासळी घ्यायला थांबला तर कोळणीला भावाच्या आधी विचारणार, होडीवरच्यांपैकी कुणाला ताप आहे का. आणि गंमत म्हणजे ती सांगते. वर सुरमईही कमी भावात देते. मी गेलो की तीच बाई मला मास्तर म्हणून ओळखते आणि शिळे बोंबील गळ्यात मारते.

पण माझा खरा जळफळाट होतो तो त्याच्या फौजेवर. वाडीवाडीवरच्या आशाताई, पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा माणूस, आरोग्य केंद्रातला रक्त तपासणारा, गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांची नावं याला पाठ, कुणाची मुलगी बारावीला आहे हेसुद्धा पाठ. वादळ येणार अशी नुसती बातमी आली की हा चार फोन करतो आणि जिल्हाभर माणसं उठून कामाला लागतात. बाळंतीण होणाऱ्या बाया आधीच आरोग्य केंद्राजवळ नेऊन ठेवलेल्या, सर्पदंशाची औषधं तपासलेली, जनरेटरला डिझेल भरलेलं. मी वर्गात "शांत बसा" म्हटलं तर पहिला बाकसुद्धा गप्प बसत नाही.

आणि माणसांशी बोलण्याची त्याची रीत. तो कधी भाषण देत नाही. पाणी उकळून प्या असं सांगायचं असलं की वाडीतली सगळ्यात बोलकी बाई शोधतो, तिला बाजूला घेतो आणि दबक्या आवाजात सांगतो, "ताई, तुम्हाला म्हणून सांगतोय, कुणाला बोलू नका हां." दिवे लागायच्या आत वाडीतल्या प्रत्येक चुलीवर पाणी उकळत असतं. मी हीच युक्ती एकदा सासरी वापरून बघितली. बायकोला म्हटलं, तुला म्हणून सांगतो, मला बढती मिळणार आहे. तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही.

असा हा माणूस. आणि अशा माणसाची एका वर्षी नेमकी आमच्या सासरच्या तालुक्यात बदली झाली. त्याच वर्षी चतुर्थीला अप्पांनी जाहीर केलं, "औंदा माज्या गुडघ्यात दम नाय. विसर्जनाला गणपती जावयाच्या डोक्यावर जाईल." त्या घरात हा मान आजवर अप्पांखेरीज कुणाला मिळालेला नव्हता. मुलगा नसलेल्या घरातून गणपती डोक्यावर घेऊन वाडीखालच्या पऱ्यापर्यंत, त्या ओढ्यापर्यंत, जायचं म्हणजे काय, हे ज्याचं सासर तिकडचं आहे त्यालाच कळेल. त्या क्षणापासून तुम्हीच या घरचे. मी मान खाली घालून विनयानं उभा राहिलो. तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "मग डॉक्टरांना सुट्टी काढायला सांगा." अप्पांनी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला त्या दिवसापासून झोप लागेना. मला तो मान हवा होता. लाजायचं काय त्यात, हवाच होता.

गौरी पूजनाच्या दिवशी दुपारी दगडी पायऱ्यांच्या पाखाडीखाली जीप थांबली आणि आमचा साडू चढून वर आला. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं, मेहुणी नवऱ्याला बघून लाजली, अप्पांनी खुर्ची पुसली. माझं तर सगळं संपलंच. तो मात्र पायऱ्यांवर उभा राहून विचारतो, "घरात कुणाचं पोट बिघडलंय का?" वाडीतल्या आशाताईंनी त्याला सकाळी कळवलं होतं की घरटी एखादा माणूस जुलाबांनी आडवा आहे. तो सणाला आलाच नव्हता. सासूबाईंना हे अजूनही पटलेलं नाही.

त्यानं चहा घेतला नाही. वाडीत हिंडून त्यानं एकच गोष्ट सगळ्यांना विचारली, आरती आधी कुठल्या घरी जाते? आमच्याकडे रोज संध्याकाळी भजनाची मंडळी घरोघर आरत्या करत फिरतात आणि त्याचा क्रम मानाप्रमाणे ठरलेला. पहिला मान अप्पांचा. आरती झाली की सासूबाईंच्या हातचं, आमच्या विहिरीच्या गार पाण्यातलं कोकमाचं सरबत, सगळी वाडी त्याच्यावर टपलेली असते. मग साडूनं काय करावं, तो आरती ज्यांच्याकडे जात नाही तिकडे गेला. गावाबाहेर बौद्धवाडी आहे, त्यांची विहीर वेगळी. एके काळी आमच्या विहिरीवर त्यांना येऊ देत नव्हते म्हणून त्यांनी स्वतः खणलेली. तिथं एकाचंही पोट बिघडलेलं नव्हतं. त्यांच्या विहिरीचं पाणी नळीत पिवळं झालं. मग तो परत आला, अप्पांच्या विहिरीत कळशी सोडली, नळी उजेडाकडे धरली. पाणी जसंच्या तसं.

होणारच तसं. गणपतीच्या दिवसांत विहिरीत पावडर टाकायची नाही हा अप्पांचा नियम. देवाच्या अभिषेकाच्या पाण्याला कसलासा वास येतो म्हणे. विहिरीच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एका भाऊबंदानं त्या उन्हाळ्यात नवं घर बांधलं होतं, नवा संडास, नवा खड्डा. जांभ्याची जमीन, पावसाचं पाणी कुठून कुठं झिरपेल सांगता येत नाही. साडूनं पाण्याची बाटली भरून रत्नागिरीला तपासायला पाठवून दिली आणि अप्पांना म्हणाला, "रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर विहीर बंद. अप्पा, मी सांगितलं तर लोक म्हणतील सरकारी माणूस आलाय. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. आज आरतीला सांगा."

अप्पांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "माजी विहीर नासकी म्हणून मीच दवंडी पिटू? सणाच्या दिवशी? देवासमोर?" मग गणपतीकडे हात करून म्हणाले, "ज्याला माज्या विहिरीचा पानी चालत नाय, त्यानं माज्या गणपतीला हात लावायचा नाय." सासूबाई रडायला लागल्या. आणि मी? मला आनंद झाला. आत कुठंतरी ढोल वाजायला लागले. साडूनं अप्पांकडे पाहिलं, म्हणाला, "नको लावायला." आणि बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसला.

तिन्हीसांजेला बाया कळशा घेऊन आल्या की तो उठून उभा राहायचा, हात जोडायचा, म्हणायचा, "वहिनी, आज इथलं नको, बौद्धवाडीच्या विहिरीवरचं आणा, माझी माणसं मदतीला आहेत." सासरच्या दारात, सणाच्या दिवशी, धाकटा जावई असा सासऱ्यांच्या विहिरीवर राखण बसलेला. काही बाया हसल्या, काही रागावल्या, एकीनं त्याच्यादेखत कळशी भरून नेली. तो अडवायला गेला नाही, तिच्या घरापर्यंत चालत गेला आणि पाणी उकळेपर्यंत चुलीशी बसला. मी ओटीवरून हे सगळं बघत होतो. अपमान त्याचा होत होता आणि चरफडत मी होतो. कारण एवढा अपमान गिळून तिथं बसून राहणं मला सात जन्मांत जमलं नसतं.

आरतीला मंडळी आली. भजनाचे बुवा म्हणजे अप्पांचे लहानपणचे मित्र, पखवाज तेच वाजवायचे. दोन दिवस त्यांचं पोट बिघडलेलं होतं, पण गणपतीत पडून राहायचं कसं म्हणून ते दर आरतीनंतर दगडी गडग्यामागे जाऊन यायचे आणि पुन्हा पखवाज गळ्यात घालायचे. त्या दिवशी आरतीच्या मध्येच पखवाज थांबला. बुवा बसल्या जागी कलंडले. डोळे खोल गेलेले, पायात गोळे. साडू विहिरीवरून धावत आत आला. बुवांच्या हाताची कातडी त्यानं चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत त्याला आजारी माणसाला हात लावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फोन केला न केला तोच पाखाडीखाली गाडी आली. ती त्यानं दुपारीच मागवून ठेवली होती.

बुवांना उचलताना ते पुटपुटले, "अप्पा, सरबत काय झकास झालावता." अप्पा खांबाला धरून उभे होते. मग पुढे आले. प्रसाद वाटायला घेतलेला, तो थांबवला. "ऐका सगळ्यांनी. आमच्या विहिरीचा पानी बिघडलाय. माज्या घरचा सरबत पिऊन बुवा पडला. डॉक्टर सांगतील तवाच इथला पानी भरायचा. तोपर्यंत त्या वाडीच्या विहिरीवर जायचा." रात्री सासूबाई स्वतः तिकडे कळशी घेऊन गेल्या. तिथल्या बाईनं पोहरा ओतता ओतता सांगितलं, "पावडरचा वास येल हां थोडा." सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे गो."

सकाळपर्यंत नवा माणूस कुणी पडला नाही. बुवा आरोग्य केंद्रात उठून बसले आणि चहा मागू लागले. साडू कपडे बदलायला तेवढा आला, तर अप्पा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "मी देवासमोर बोललो," म्हणाले, "आता फिरवता येत नाय." साडू म्हणाला, "फिरवू नका अप्पा. गणपती सरांना द्या. दरवर्षी तेच करतात सगळं." आणि जीपमध्ये बसून बुवांकडे निघून गेला. म्हणजे ज्या मानासाठी मी इतकी वर्षं मंडप्या बांधल्या तो मला मिळाला, आणि तोही याच माणसानं दिलेला. याच्यावर जळायचं तरी किती, सांगा.

दुपारी गणपती माझ्या डोक्यावर ठेवला. सगळी वाडी मागे. पोरं जाखडीच्या ठेक्यावर नाचत होती, बाया गौरी घेऊन चालत होत्या, म्हातारे काठ्या टेकत येत होते. कुणाला विहीर आठवत नव्हती, कुणाला कालची रात्र आठवत नव्हती. सगळी धडधाकट माणसं घामाघूम होऊन ओरडत होती. पऱ्यात शिरलो, पाणी गुडघ्याला लागलं. अप्पा शेजारीच होते. त्यांनी मूर्तीला नमस्कार केला, मग वळून पाखाडीकडे पाहत मला विचारलं, "डॉक्टर आले काय हो?"

माझ्या डोक्यावर गणपती होता, मला मान वळवता येत नव्हती. इतर वेळी या प्रश्नानं माझा तिळपापड झाला असता. त्या दिवशी मी बायकोलाच म्हटलं, "बघ गं जरा, दिसतोय का." ती टाचा उंच करून वर बघत राहिली. नाही म्हणाली. मागून मंडळी घाई करत होती, पाऊस यायच्या आत उरका म्हणत होती. मी म्हटलं, थांबूया थोडं. मला हवा होता तो मान माझ्या डोक्यावर होता आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याची वाट बघत होतो.